आधीची न्या, नंतरची राहू द्या

— लाथ नका मारू हो टायरला. काय कळतं त्यातून? काही नाही. येतो तो आधी टायरला लाथ मारतो, मग बॉनेटवर बोटानं टकटक करतो — डॉक्टरनं छाती ठोकावी तशी — आणि मग मान हलवतो. कशाला हलवतो? काय ऐकू आलं त्याला? पत्रा आहे, पत्र्यासारखाच वाजणार. परवा एक आला होता, त्यानं सीटचा वास घेतला. खोटं नाही सांगत, खाली वाकला आणि हुंगलं. शी! माणसं बसतात त्याच्यावर. मी म्हटलं, आता जरा चाटूनही बघा, म्हणजे खात्रीच होईल. गेला. जाऊ दे. तुम्ही निदान दारात पाय पुसलेत, म्हणून बोलते तुमच्याशी, नाहीतर मी आपली ह्या खुर्चीत बसते आणि आलेल्याला नुसतं बोटानं दाखवते — ती लाल आधीची, ही राखाडी नंतरची, बघा आणि चालते व्हा. आणि जरा हळू बोला. नाही, काही नाही, मागच्या खोलीत माणूस झोपलंय.

तर काय विचारत होतात — फरक. दोघींत फरक काय. अहो, नाव एक, कंपनी एक, दोन दारं, दोन सीटा, वर कापडी टप, मागे एक पिशवी कशीबशी मावेल एवढी जागा — घरच्यांना सोडून पळून जायला बनवल्यासारखी गाडी, दुसरा उपयोग शून्य. ती लाल आधी निघाली. मग बऱ्याच वर्षांनी कंपनीतल्या कुणा शहाण्याला वाटलं, आपण हिला सुधारू या. सुधारली! इकडे या, ह्या राखाडीत वाका. हा डॅशबोर्ड बघा. दिसतेय ना कडेनं दोऱ्याची शिवण? हात फिरवा. फिरवा, चावत नाही. लागला दोरा बोटाला? नाही लागणार. शिवण नाहीच ती, शिवणीचा ठसा आहे. प्लास्टिक ओततानाच त्यात टाके ओतलेत. मी आयुष्यभर टप शिवले आणि सीटा शिवल्या — कुणी शिकवलं नाही, फाटक्या उसवून बघत बघत शिकले — आणि ह्या लोकांनी टाक्याचं चित्र काढलं! त्यापेक्षा सरळ सांगायचं ना, बाई, आम्हाला शिवता येत नाही. मला राग नसता आला. आणि आवाज? ही सुरू केली की जो धडधडाट होतो ना, तुमचे डोळे चमकतील, मघाशीच चमकले — तो निम्मा खोटा आहे. आत स्पीकर बसवलाय. इंजिन घसा खाकरतं आणि स्पीकर डरकाळी फोडतो. खोटं वाटतंय? कुणालाही विचारा. मला कळलं त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही. म्हणजे माणसानं पैसे मोजून काय घेतलं — तर गाडीत बसल्यासारखं वाटणं.

ही राखाडी आमच्या मुलानं घेतली होती. घेतली, दोन उन्हाळे मिरवली आणि परदेशी गेला. ती लाल ह्यांची, म्हणजे आमच्या मालकांची, हे मागच्या खोलीत झोपलेत त्यांची. ह्यांचं इथेच गॅरेज होतं, ह्याच शेडमध्ये. कुणीतरी झाडावर घालून चेंबवलेली गाडी भंगारातून ओढून आणली आणि सगळी परत उभी केली. म्हणजे एक बापाची, एक लेकाची, आणि दोघी अगदी आपापल्या धन्यावर गेल्यात हो! ती लाल जे बोलते ते खरं बोलते, पण कानठळ्या बसतील असं, आणि ही राखाडी — ही फोनवर कशी गोड बोलते, ‘आई, तू काळजी करू नकोस, मी बघतो,’ आणि आत नुसता स्पीकर.

माझं ऐका, ती लाल घ्या. आधीची ती आधीची. तिचं स्टिअरिंग जड आहे, हो, आहेच जड, हात आहेत ना तुम्हाला? काय म्हणालात — पॉवर स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंगनं लोक लुळे झाले. त्या लाल गाडीत रस्ता हाताला लागतो, अहो खडा लागतो, पांढरा पट्टा ओलांडला तरी तळहाताला कळतं. रस्त्याची कड आली की स्टिअरिंग असं बारीक थरथरतं, डोळे मिटले तरी समजेल तुम्ही कुठे आहात. डोळे मिटले तरी — म्हणजे, मिटायचे नाहीत. बोलायची पद्धत आहे ती.

एअरबॅग? नाहीत त्या लालमध्ये. सीटबेल्ट आहे, तो मी नव्यानं शिवलाय, हत्ती बांधा त्याला. तुमच्या बायकोनं सांगितलंय एअरबॅग हव्यात म्हणून? मग तिला आणायचं होतंत इथे. गाडी बघायला नवरा एकटा येतो आणि बायकोचं मत खिशात घालून आणतो, मला ह्या गोष्टीची फार चीड आहे.

हो, किल्लीचं चांगलं विचारलंत. राखाडीची किल्ली म्हणजे हा एवढासा काळा गोळा. दात नाहीत, भोक नाही, नुसता खिशात असला की गाडी ओळखते. आणि नसला की ओळखत नाही. जगातला कितीही मोठा कारागीर येऊ दे, डोकं आपटू दे, तारा ओरबाडू दे — ढिम्म. मख्खासारखी बसून राहते. एवढं एक मात्र त्या नंतरच्या लोकांनी चांगलं केलं. किल्ली लपवली की विषय संपला. — लपवली म्हणजे ठेवली. जपून ठेवली. आणि त्या लाल गाडीला — हो, आहे ना तिलाही किल्ली, ही बघा, खरी, लोखंडी. पण नसली तरी तिचं अडत नाही. स्क्रूड्रायव्हर खुपसा, फिरवा, सुरू. तोही नसला तर बॉनेट उघडून दोन तारा एकमेकींना लावा, सुरू. गरीब गाय आहे ती, कुणीही दावं सोडावं आणि न्यावं. चोर? छे, चोर कुठला इथे. चोर आला असता तर मी त्याला बसवून चहा दिला असता आणि टप उघडून दिला असता.

हसू नका. मी गंमत करत नाहीये.

काय बघताय? आरसा. हो, डावा आरसा नवा आहे, उजवा जुना. डोळा बरा आहे तुमचा. उभी होती गाडी फाटकाबाहेर, कुणीतरी घासून गेलं. लोक चालवतात कशी हल्ली, ठाऊक आहे ना — एक हात फोनवर. असं झालं ते. ... काय? उभ्या गाडीच्या पुढच्या जाळीत पानं कशी अडकतील? कुठे आहेत पानं? अरे देवा. चिमट्यानं काढली होती मी सगळी. द्या इकडे. द्या म्हणते ना.

बसा. त्या स्टुलावर बसा, तेलकट नाही ते. तुम्ही घेणार आहात ना ती? मग ऐकून घ्या, नाहीतर उद्या म्हणाल, म्हातारीनं फसवलं, आणि फसवणारी मी नाही. टाक्याचं चित्र मी काढत नाही.

ह्यांना दिसत नाही. आता म्हणाल, मग काय झालं, वय झालं. अहो, दिसत नाही म्हणजे दिसत नाही. काचबिंदूच असणार. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आता उजेड आणि अंधार एवढं कळतं. आणि मला कधी समजलं? सगळ्यांत शेवटी. कारण हा धंदाच असा — मेकॅनिक कधी बघत नाही. गाडीखाली शिरतो, हात वर घालतो, मान भलतीकडे, गप्पा मारत असतो आणि बोटं आपोआप नट शोधतात. उभा जन्म ह्यांना असंच काम करताना बघितलं, मग आंधळे कधी झाले ते कशावरून ओळखणार मी? पाना मागायचे, मी हातात द्यायचे. आधीही द्यायचे. संध्याकाळी दोघं त्या लाल गाडीतून फिरायला जायचो, टप उघडून. आणि तेव्हा ह्यांनी एक खेळ काढला. ‘ओळख बघू, समोर काय येतंय?’ मी म्हणायचे, ‘ट्रक.’ ‘लांब आहे की जवळ?’ ‘झाडापाशी आहे.’ ‘सिग्नल कुठला लागलाय, सांग बघू पटकन.’ ‘हिरवा.’ ‘शाब्बास!’ — मला शाब्बास म्हणायचे हो! लग्नानंतर कधी नाही ते कौतुक. मी बावळट, फुलून जायचे. वाटायचं, म्हातारपणी ह्या माणसाला बायकोशी बोलावंसं वाटायला लागलं. आणि हा माणूस माझे डोळे वापरत होता, मला न विचारता. भाड्यानं घेतल्यासारखे. भाडंही नाही!

कळलं कसं, तर एकदा मी चिडून गप्प बसले. अशीच काहीतरी कुरबूर झाली होती. ‘समोर काय आहे?’ मी गप्प. ‘अगं, समोर काय आहे?’ मी गप्प. आणि ह्यांनी भर रस्त्यात ब्रेक मारला आणि बसून राहिले. मागून सगळी दुनिया हॉर्न वाजवतेय आणि हे स्टिअरिंगला धरून बसलेत, घामानं थबथबलेले. हलक्या आवाजात म्हणाले, ‘बोल गं. बोल म्हणजे निघता येईल.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी किळस आली मला — ह्यांची, त्या खेळाची, माझ्या त्या फुलून जाण्याची. घरी येऊन मी ताट वाढलं नाही.

मग? मग काय, बंद केलं असं सांगेन असं वाटतंय तुम्हाला? दुसऱ्या दिवशी हे तिकडे जाऊन नुसते गाडीत बसले. सुरूही केली नाही. टप उघडा, वर बघत बसले, त्यांना काय दिसत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, ‘उजवीकडे घ्या, फाटक उघडं आहे.’

नका बघू असं तोंडाकडे. तुमच्या बायकोनं एकदा गाडीत सांगितलं, डावीकडे वळा, तर वळता का लगेच? ‘मला कळतं’ म्हणता. म्हणता ना? सगळे म्हणतात. मी ह्या माणसाच्या घरात तरुणीची म्हातारी झाले आणि माझं एक त्यानं ऐकलं नाही. गॅरेजला आडोसा बांधा म्हटलं, ऐकलं नाही. मुलाला इतकं बोलू नका म्हटलं, ऐकलं नाही, मुलगा गेला. डोळे दाखवा म्हटलं — ऐकलं नाही! आणि त्या गाडीत मी डावं म्हटलं की डावं, थांबा म्हटलं की जागच्या जागी थांब. हळू म्हटलं की हळू. केवढी गाडी, केवढं इंजिन, आणि सगळं माझ्या जिभेवर. मला गाडी येत नाही, कधी चालवली नाही, पण मीच चालवत होते. वाऱ्यानं केस सुटायचे. सुख वाटायचं हो! सुख! सांगताना लाज वाटत नाही मला. म्हणजे वाटते, पण वाटली तरी सांगणार.

आता त्या पानांचं. मागच्या आठवड्यात मी नाही म्हटलं. एक पोर चेंडूमागे रस्त्यावर आलं होतं आदल्या संध्याकाळी, मला दिसलं उशिरा — माझ्याही डोळ्यांना आता काय धाड भरलीय ते मी दाखवून घेतलेलं नाही — आणि मी ‘थांबा’ म्हणायला आणि चेंडू बंपरला लागायला एकच गाठ पडली. पोर वाचलं. चेंडू उचलून, आम्हाला हात हलवून गेलं. ह्यांनी विचारलं, ‘काय होतं?’ मी म्हटलं, ‘चेंडू.’ ‘नुसता चेंडू?’ ‘नुसता चेंडू.’ दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी येणार नाही, आजपासून बंद. हे म्हणाले, ‘बरं.’ इतकं गोड ‘बरं’ की मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी कपडे वाळत घालायला मागे गेले आणि गाडीचा आवाज ऐकला. एकटे गेले. आंधळा माणूस, एकटा, ती गाडी घेऊन. मी फाटकाशी उभी राहिले. काय काय बघितलं मी तिथे उभी राहून, डोळ्यांसमोर, ते तुम्हाला नाही सांगत. आले परत. आरसा लोंबतोय, जाळीत पानं. आणि तोंडावर असं हसू — लहान मुलानं भिंतीवर रेघोट्या माराव्यात ना, तसं. म्हणाले, ‘रस्ता मोकळा होता.’ मी ती पानं मुठीत घेऊन चालत निघाले, प्रत्येक कुंपणाशी लावून बघत. कुठे जुळली माहितीये? बालवाडीच्या कुंपणाला. झाडी आत दबलीय, गाडीच्या रुंदीएवढी, आणि पलीकडे घसरगुंडी. सुट्टीचा दिवस होता. फक्त म्हणून.

तर हे असं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी बसले शेजारी तर मी पापाची वाटेकरीण, नाही बसले तर हे एकटे जाणार. गाडी बिघडवून ठेवा म्हणता? वा, मला सुचलंच नव्हतं की! प्लग काढले, ह्यांनी दुसरे बसवले. एक वायर कापून टाकली, ह्यांनी चाचपून चाचपून शोधली आणि जोडली, वर शीळ घालत होते, इतका आनंद झाला होता काम मिळाल्याचा. शेडला कुलूप घातलं तर दाराच्या बिजागऱ्या काढल्या. अहो, ती गाडी त्यांनी स्वतः उभी केलीय, तिच्या हाडान् हाडाला त्यांची ओळख आहे. मी जे मोडेन ते हे जोडतील. मुलाला सांगितलं, तो म्हणाला, ‘बाबांना समजावून सांग.’ स्पीकरची डरकाळी नुसती! पोलिसांकडे जाऊ? माझ्या नवऱ्याचा दंड धरून परक्या माणसानं त्याला त्याच्याच दारातून नेलेलं मी बघणार नाही. नाही म्हणजे नाही. ती गाडी इथून गेली पाहिजे, एवढंच. राहिली राखाडी, तर तिची किल्ली माझ्याकडे, ती ह्यांना दाद देत नाही, आणि मुळात हे तिला हात लावत नाहीत — ओंगळ वाटते त्यांना. म्हणून म्हणते, आधीची न्या, नंतरची राहू द्या. आता कळलं?

विचार काय करताय? पैशाचा? पैसे नकोत मला. फुकट न्या. अहो, खरंच फुकट, कागदांवर मी ह्यांची सही घेते, ते न वाचताच करतात — वाचणार कुठून. ढकलत नेऊ फाटकापर्यंत, मी मागून लावते हात, रस्त्यावर गेल्यावर सुरू करा...

का? मागे का सरकलात?

बघा, हे असं. किंमत सांगितली तर घासाघीस, आणि फुकट म्हटलं की माणूस दोन पावलं मागे. आता तुम्हाला वाटतंय, तिच्यात काहीतरी आहे. अहो, तिच्यात काही नाही! तिच्याइतकी नीट गाडी नाही मिळणार तुम्हाला कुठे, त्या बोटांनी बांधलीय ती. खोट गाडीत नाही, आमच्यात आहे. — काय? मोठ्यानं बोला, आता कुजबुजून काय उपयोग. हं. ‘त्यांना न विचारता नेणं बरोबर वाटत नाही.’ वा! काय सज्जन माणूस. बालवाडीची घसरगुंडी तुम्हाला बरोबर वाटली, हे मात्र बरोबर वाटत नाही. ह्या तुमच्या सभ्यपणाचाच मला सगळ्यात जास्त तिटकारा येतो. त्या राखाडीतल्या शिवणीसारखा — हात लावावा तर दोराच नाही.

ही घेणार म्हणता. राखाडी. बायकोला बरी पडेल. सुरक्षित आहे. हो, सुरक्षित आहे, आत बसणाऱ्याला फार सुरक्षित आहे. न्या. घ्या हा गोळा. पैसे ठेवा त्या पेटीवर, गाडीच्या दारावर लिहिलेत तेवढेच, मी मोजत बसणार नाही. नाही, मी रडत नाहीये, माझे डोळे पाणावतात ह्या वासानं.

थांबा. ऐकलंत? खोकले. उठले बहुतेक. आता चूळ भरतील, मग बूट शोधतील.

चला, निघा आता, मला उगाच बोलत ठेवलंत. केस विंचरायचेत, पायांत काहीतरी घालायचंय, एकट्यांना थोडंच जाऊ देणार आहे मी! काय आडवे उभे राहताय दारात? व्हा बाजूला. आणि एक — नवी गाडी बायकोला दाखवायला आज संध्याकाळी बाहेर काढू नका. घरातच बसा. मुलंबाळं असतील तर त्यांनाही आत घ्या.